उंबरठा : एका सुतारी शब्दाचा अर्थ व उगम

प्राचीन मराठी गद्याचा अभ्यास करणारा वाचक तत्त्वविचाराच्या शब्दांपाशी थांबतो, त्यांच्या अर्थाविषयी जाणत्यांना विचारतो व कोश पाहतो. परंतु घरादाराची, मठ-मंदिराची आणि त्यांच्या निरनिराळ्या अंगांची नावे आली की तोच वाचक ती सहज ओलांडून पुढे जातो. पटिसाळ, दारवठा, जगती, सोंडी, ओटा, चौक हे शब्द लीळाचरित्रात व स्थानपोथीत वारंवार येतात. त्यांचा अर्थ संदर्भावरून साधारण कळतो, म्हणून अधिक खोलात जाण्याची गरज कोणास भासत नाही. स्थानपोथीसारख्या ग्रंथाच्या बाबतीत मात्र ही उपेक्षा परवडणारी नाही. त्या ग्रंथाचे प्रयोजनच मुळी स्थानाचा निर्देश करणे हे आहे, आणि निर्देश करताना तो दिशेबरोबर वास्तूच्या अंगांचा आधार घेतो. अंगाचे नाव चुकले म्हणजे स्थानही चुकते.

या दृष्टीने प्रस्तुत पाठात 'उंबरठा' या एकाच शब्दाचा विचार केला आहे. हा शब्द निवडण्याचे कारण असे की तो प्रत्येकाच्या तोंडी आहे, त्याचा अर्थ सर्वांस ठाऊक आहे असे प्रत्येकजण समजतो, आणि तरीही त्याच्या नावातच एक झाड दडलेले असल्यामुळे वाचकाला चकवण्याची शक्ती त्यात आहे.

शब्दाची रूपे आणि व्यवहारातील अर्थ

आजच्या मराठीत 'उंबरठा' व 'उंबरा' अशी दोन रूपे प्रचलित आहेत. शिष्ट लेखनात पहिले रूप अधिक आढळते. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत दुसरे अधिक ऐकू येते. दोन्हींचा वाच्यार्थ एकच : दाराच्या चौकटीचे खालचे आडवे लाकूड किंवा दगड. या वाच्यार्थावरून भाषेने पुष्कळ अर्थ काढले आहेत. 'शंभर उंबऱ्यांचे गाव' म्हणताना उंबरा म्हणजे एक नांदते घर. 'उंबरठे झिजविणे' म्हणजे कामासाठी दुसऱ्याच्या दारी पुनःपुन्हा जाणे. 'उंबरठा ओलांडणे' म्हणजे मर्यादेबाहेर पाऊल टाकणे. नववधू माप ओलांडते ती उंबरठ्यावरच. भिक्षेकरी थांबतो तोही उंबरठ्याच्या बाहेर, आणि दाता देतो तो उंबरठ्याच्या आतून. संध्याकाळी उंबरठ्यावर बसू नये, तेथे उभे राहून देवघेव करू नये, इत्यादी लोकसमजुतीही सर्वांच्या परिचयाच्या आहेत.

या सर्व प्रयोगांत 'सीमा' हा अर्थ प्रधान दिसतो. आत आणि बाहेर यांना वेगळे करणारी रेषा ती उंबरठा, असे आपण मानतो. परंतु हा अर्थ घरात राहणाऱ्याचा आहे. ज्याने उंबरठा घडविला त्या सुताराच्या दृष्टीने या शब्दाचा अर्थ काय होता, हे पाहिले म्हणजे वेगळेच चित्र पुढे येते. त्यासाठी प्रथम शब्दाची वंशावळ पाहिली पाहिजे.

प्राकृत व पाली भाषांतील पुरावा

'उंबर' या वृक्षनामाचे संस्कृत रूप 'उदुम्बर' होय. त्यातील 'दु' गळून प्राकृतात 'उंबर' झाले. हा लोप इतका ठळक होता की प्राकृत व्याकरणकारांनी त्याची स्वतंत्र नोंद घेतली आहे. वररुचीने प्राकृतप्रकाशात या एका शब्दासाठी सूत्र रचले. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात 'दुर्गादेवी', 'पादपतन', 'पादपीठ' या शब्दांच्या पंक्तीत 'उदुम्बर' बसवून आतील दकाराचा लोप विकल्पाने सांगितला. येथपर्यंत झाडाच्या नावाचा प्रवास सरळ आहे.

दाराच्या खालच्या लाकडाचा प्रवास मात्र इतका सरळ नाही. पाली भाषेत देहलीसाठी 'उम्मार' असा शब्द आहे. प्राकृतात 'उम्मर' आहे, आणि हेमचंद्राने तो आपल्या देशीनाममालेत घराच्या देहलीचा वाचक म्हणून दिला आहे. देशीनाममाला हा ग्रंथ ज्या शब्दांची सिद्धी संस्कृतावरून होत नाही असे ग्रंथकारास वाटले, त्यांचा संग्रह आहे. म्हणजे जो व्याकरणकार झाडाचे 'उंबर' हे नाव संस्कृत 'उदुम्बर' यापासून सिद्ध करून दाखवितो, तोच देहलीवाचक 'उम्मर' मात्र देशी शब्दांत घालतो. त्याच्या दृष्टीने या दोन शब्दांचे घराणे एक नव्हते. हा भेद अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गुजरातीतही देहलीस 'उंबरो' म्हणतात. यावरून हा शब्द पश्चिम भारताच्या लोकभाषांत खोल रुजलेला होता हे स्पष्ट होते.

झाडाचे 'उदुम्बर' हे नाव वैदिक वाङ्मयाइतके जुने आहे. तथापि काही भाषाशास्त्रज्ञांच्या मते तोही शब्द मुळात आर्येतर भाषेतून, बहुधा मुंडा भाषांच्या घराण्यातून, संस्कृतात आलेला आहे.

शिल्पग्रंथांतील 'उदुंबर'

आता शास्त्रग्रंथांकडे वळू. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येचे प्रकरण आहे. त्यात दाराच्या चौकटीचे प्रमाण सांगताना तो एक सोपा नियम देतो. दाराची उंची जितके हात, तितकी अंगुळे दोन्ही 'शाखां'ची जाडी असावी. आणि 'उदुंबरां'ची जाडी त्याच्या दीडपट असावी. उदाहरणार्थ, पाच हात उंचीचे दार घेतले तर दोन्ही बाजूंच्या उभ्या लाकडांची जाडी पाच अंगुळे आणि आडव्या लाकडांची साडेसात अंगुळे होईल. चोवीस अंगुळांचा एक हात, हे मान येथे धरावयाचे.

या नियमात दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली अशी की ग्रंथकार 'उदुंबर' शब्द द्विवचनात योजतो. चौकटीत आडवी लाकडे दोन, एक खाली व एक वर; दोघांसही तो 'उदुंबर' म्हणतो. म्हणजे त्या काळी हा शब्द केवळ पायाखालच्या लाकडाचा नव्हता. उभ्या लाकडांना जोडून धरणारे आडवे लाकूड, हा त्याचा अर्थ होता. दुसरी गोष्ट अशी की या आडव्या लाकडांस उभ्यांपेक्षा दीडपट जाड करण्यास सांगितले आहे. भार पेलणे आणि सांधा धरणे ही दोन्ही कामे त्यांच्याकडे आहेत, म्हणून हे प्रमाण.

पुढील काळात या दोन आडव्या लाकडांची नावे वेगळी झाली. पश्चिम भारतातील शिल्पग्रंथांत वरच्यास 'उत्तरंग' म्हणू लागले आणि 'उदुंबर' हे नाव खालच्यापुरते उरले. पंधराव्या शतकात मेवाडात महाराणा कुंभाच्या आश्रयास असलेल्या सूत्रधार मंडनाने प्रासादमंडन हा ग्रंथ रचला. त्यात गाभाऱ्याच्या उदुंबराची उंची कशाशी समान असावी, त्याच्या मध्यभागी दाराच्या रुंदीच्या एक-तृतीयांशाचा 'मंदारक' नावाचा गोलसर फुगवटा कसा असावा, दोन्ही बाजूंस ग्रासमुखे कोठे यावीत, आणि पुढे भूमीवर अर्धचंद्राकृती पायरी कशी असावी, याचे तपशील येतात. महाराष्ट्रातील यादवकालीन मंदिरांत गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर जी कीर्तिमुखे दिसतात व मध्ये जो उचललेला भाग दिसतो, ती याच परंपरेची खूण होय. दर्शनास जाणारा भाविक त्यांना ओलांडून जातो, पण त्यांची नावे त्यास ठाऊक नसतात.

एक बाब येथे आवर्जून सांगितली पाहिजे. पालीतील 'उम्मार' हे रूप वराहमिहिराच्या बरेच आधीचे आहे. म्हणजे लोकांच्या बोलण्यात हा शब्द आधी होता. संस्कृत शास्त्रग्रंथात 'देहली' या अर्थाने 'उदुंबर' नंतर आला. झाडाच्या नावाशी ध्वनिसाम्य असल्यामुळे लोकशब्दास संस्कृत वेष चढविणे शास्त्रकारास सोपे गेले. शास्त्राने शब्द सुताराकडून घेतला आहे, सुताराने शास्त्राकडून नव्हे, असा निष्कर्ष यातून निघतो. श्रीनागदेवाचार्यांनी मराठीचा जो आग्रह धरला त्याचे महत्त्व जाणणाऱ्या वाचकास या निष्कर्षाचे नवल वाटू नये. लोकांच्या तोंडी असलेला शब्द शास्त्रापेक्षा हीन असतो हा समज अशा उदाहरणांनी दूर होतो.

सुताराची चौकट

शब्दाचा अर्थ कळण्यासाठी आता चौकट कशी बनते ते पाहू. 'चौकट' हा शब्दच चार काष्ठांचा वाचक आहे : दोन उभ्या बाह्या, वर कपाळपट्टी आणि खाली उंबरठा. कपाळपट्टीच्या मध्यावर गणपती कोरलेला असल्यास तीस गणेशपट्टी म्हणतात. उभ्या बाह्यांच्या दोन्ही टोकांस सुतार कुसू काढतो आणि आडव्या लाकडांत त्या मापाची खोबण कोरतो. कुसू खोबणीत घट्ट बसले म्हणजे चारही लाकडे एकमेकांस धरून उभी राहतात. उंबरठा व कपाळपट्टी यांची टोके बाह्यांच्या बाहेर काही अंतर पुढे काढून भिंतीत दाबलेली असतात. भिंतीचा भार या टोकांवर आला की चौकट हलत नाही, आणि पावसाळ्यात लाकूड फुगले किंवा उन्हाळ्यात आक्रसले तरी काटकोन मोडत नाही.

लोखंडी बिजागरी सर्वत्र येण्यापूर्वी दाराची फळी फिरत असे तीही उंबरठ्याच्याच आधाराने. फळीच्या एका कडेस वर व खाली गोल खुंट राखलेला असे. खालचा खुंट उंबरठ्यातील खळग्यात आणि वरचा कपाळपट्टीतील भोकात फिरे. दाराचे सगळे वजन त्या लहानशा खळग्यावर येई. उंबरठा पातळ असेल तर खळगा खोल घेता येत नाही, आणि खोल घेतला तर लाकूड चिरते. वराहमिहिराने सांगितलेल्या दीडपट जाडीचे मर्म येथे उलगडते. शास्त्रातील तो नियम कारागिराच्या अनुभवाचीच नोंद आहे.

तेव्हा सुताराच्या दृष्टीने उंबरठा म्हणजे सीमारेषा नव्हे. दोन उभ्या बाह्यांना पायाशी एकत्र धरणारे, दाराचे वजन पेलणारे व दारास फिरण्यास आधार देणारे ते लाकूड होय. राहणाऱ्याने त्याच वस्तूस 'आत' आणि 'बाहेर' यांमधील मर्यादा म्हणून पाहिले. दोन्ही अर्थ खरे आहेत. परंतु धारण करण्याचा अर्थ मूळचा आहे आणि मर्यादेचा अर्थ त्यावर उभा आहे.

आज नव्या घरांत पुष्कळ ठिकाणी उंबरठा राहिलेला नाही. फरशी सलग नेतात आणि चौकट तीनच अंगांची बसवितात. तरीही तीस आपण चौकटच म्हणतो. वस्तूतून चौथे काष्ठ गेले, शब्दात मात्र ते शिल्लक आहे.

उंबराचे झाड आणि उंबरठा

लोकांत अशी समजूत आढळते की पूर्वी उंबरठा उंबराच्या लाकडाचाच करीत, म्हणून त्यास हे नाव. या समजुतीची परीक्षा केली पाहिजे.

तिच्या बाजूने दोन गोष्टी सांगता येतात. उंबराचे लाकूड हवेत फार टिकत नाही, परंतु ओलाव्यात व पाण्याखाली चांगले टिकते. म्हणून विहिरीच्या तळाशी बसवावयाच्या चौकटींसाठी ते वापरीत असत. उंबरठा जमिनीस लागून असतो आणि ओल सोसतो, तेव्हा तेथे हे लाकूड योग्य ठरले असते. दुसरे असे की यज्ञविधीत या लाकडास मोठा मान होता. सोमयागातील सदोमंडपाच्या मध्यभागी जो खांब उभारीत तो औदुंबराचा, आणि त्याची उंची यजमानाच्या उंचीएवढी असे. त्यास 'औदुंबरी' असेच नाव होते. म्हणजे वास्तूच्या एखाद्या भागास त्याच्या लाकडावरून नाव पडणे ही रीत प्राचीन काळी होती.

परंतु विरुद्ध बाजू अधिक बलवान आहे. बृहत्संहितेत वरच्या आडव्या लाकडासही 'उदुंबर' म्हटले आहे, आणि वरच्या लाकडास जमिनीच्या ओलीचा प्रश्नच येत नाही. शिवाय घरासाठी सागवान, बाभूळ अशा चिवट लाकडांची निवड करणारा सुतार चौकटीचे सर्वांत भारवाहक अंग मऊ लाकडाचे करील, हे संभवत नाही. आणि हेमचंद्राने दोन शब्दांची घराणी वेगळी मानली आहेत, हे वर पाहिलेच आहे. औदुंबराशी दत्तात्रेयप्रभूंचे नाव जोडून उंबरठ्याचे पावित्र्य सांगणारी लोककल्पना तर शब्दाच्या बाह्य रूपावर उभी आहे. उंबरठ्यास हळदकुंकू वाहण्याचा आचार त्या झाडावरून आलेला नाही, तो दाराच्या मानाचा आचार आहे.

तरीसुद्धा झाड या शब्दातून पूर्णपणे जात नाही. शिल्पग्रंथांत चौकटीच्या उभ्या अंगांस 'शाखा' म्हणतात. दारे त्रिशाख, पंचशाख, सप्तशाख, नवशाख अशी मोजतात. आडव्यास 'उदुंबर' आणि उभ्यांस 'शाखा' अशी योजना एकदा झाली की सर्व दार हेच एक वृक्ष म्हणून पाहिले जाते. त्या शाखांवर वेली, पाने व फुले कोरण्याची पद्धती याच दृष्टीतून वाढली. शब्दांनी शिल्पास विषय पुरविला, असे येथे म्हणता येते.

वेरूळचा दाखला

लाकडाचे शब्द दगडात कसे उतरतात हे पाहण्यासाठी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वाचकास दूर जावे लागत नाही. वेरूळच्या लेण्यांत दहाव्या क्रमांकाचे लेणे 'विश्वकर्मा' या नावाने ओळखले जाते. आसपासचे लोक त्यास 'सुतार झोपडी' म्हणत आले आहेत. ते एक बौद्ध चैत्यगृह आहे, सामान्यतः सातव्या शतकातले. आत स्तूपापुढे बुद्धाची बसलेली भव्य मूर्ती आहे. वर पाहिले असता छताच्या कमानीवर एकामागून एक अशा फासळ्या दिसतात. घराच्या छपराची लाकडी बांधणी असावी तशाच त्या आहेत, परंतु त्या अखंड कातळातून कोरलेल्या आहेत. तेथे त्या कोणताही भार पेलत नाहीत. डोंगर स्वतःच्या बळावर उभा आहे.

त्याआधी काही शतके कोरलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात अशाच फासळ्या खऱ्या लाकडाच्या बसविलेल्या आहेत आणि त्या आजही तेथे दिसतात. कार्ले आणि वेरूळ ही दोन्ही लेणी मनात शेजारी ठेवली म्हणजे क्रम स्पष्ट होतो. प्रथम लाकडाची इमारत, मग दगडात लाकडाची जोड, आणि शेवटी दगडातच लाकडाची आकृती. लोकांनी त्या लेण्यास सुताराचे नाव दिले ते उगीच नव्हे. पाथरवटाच्या हातून सुताराची विद्या बोलते आहे, हे त्यांच्या नजरेने ओळखले.

'सुतार' हा शब्दही येथे जुळतो. तो संस्कृत 'सूत्रधार' यापासून आला आहे. सूत्र धरून माप घेणारा व रेषा आखणारा तो सूत्रधार. लाकूड कापण्यापूर्वी रंगविलेले सूत ताणून रेघ मारणे हे त्याचे पहिले काम. वर ज्याचा उल्लेख केला तो मंडनही स्वतःस सूत्रधारच म्हणवितो. सूत्रपाठाचे अध्ययन करणाऱ्या वाचकास 'सूत्र' शब्दाचे हे दुसरे घर ठाऊक असावे. थोडक्या अक्षरांत वळणदार अर्थ धरणारे ते शास्त्राचे सूत्र, आणि एका ताणलेल्या रेघेत सर्व घराचे माप धरणारे ते सुताराचे सूत्र.

दाराच्या अंगांचेही तसेच झाले. अजिंठ्याच्या विहारांत भिक्षूंच्या खोल्यांच्या दारांशी फळीचे खुंट बसविण्यासाठी कोरलेले खळगे आजही दिसतात. फळ्या केव्हाच नाहीशा झाल्या, खळगे राहिले. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने हे खळगे व दारे बसविण्याच्या बदलत्या पद्धती बारकाईने तपासून विहारांच्या कामाचा क्रम लावण्याचा प्रयत्न केला. ज्यास आपण क्षुल्लक सुतारी तपशील समजतो, त्यावरून इतिहासाचा कालक्रम लावता येतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

देहलीदीपन्याय

संस्कृतात उंबरठ्यास 'देहली' असाही शब्द आहे. शहरातील उर्दू बोलणारा शेजारी त्याच वस्तूस 'दहलीज' म्हणतो. तो शब्द फारसीतून आला आहे. शास्त्रवाचकांस 'देहली' शब्द विशेष परिचित आहे तो 'देहलीदीपन्याया'मुळे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा आतही उजेड देतो व बाहेरही देतो. त्याप्रमाणे दोन वाक्यांच्या मध्ये आलेले एखादे पद दोन्ही वाक्यांशी अन्वय पावते, तेव्हा टीकाकार या न्यायाचा उपयोग करतात.

साधे उदाहरण घेऊ. 'दार उघडले वाऱ्याने दिवा विझला.' येथे 'वाऱ्याने' हे पद मधोमध आहे. दार वाऱ्याने उघडले आणि दिवाही वाऱ्याने विझला. एकच पद दोन्हीकडे अर्थ देते. आजच्या छापील पुस्तकात विरामचिन्हे असल्यामुळे असे पद कोणत्या बाजूचे हे छापणारा आधीच ठरवून टाकतो. हस्तलिखित पोथीत ती सोय नसते. तेथे सूत्रे संक्षिप्त असतात आणि अक्षरे सलग लिहिलेली असतात. मधले पद मागे जोडावे, पुढे जोडावे की दोन्हीकडे, याचा निर्णय वाचकास प्रकरण पाहूनच करावा लागतो. म्हणूनच सूत्राबरोबर त्याचे प्रकरण सांगण्याची परंपरा पडली.

या न्यायातील दृष्टांत नीट कळण्यास उंबरठ्याचा सुतारी अर्थ उपयोगी पडतो. उंबरठा केवळ भेद करणारी रेषा असती तर त्यावरील दिवा कोणा एका बाजूचा मानावा लागला असता. तो दोन्ही बाह्यांस जोडणारा आहे, आतल्या व बाहेरच्या दोन्ही भूमींचा त्यास स्पर्श आहे, म्हणूनच त्यावरील दिवा दोन्हीकडचा होतो.

पोथीवाचनात होणारा घोटाळा

आता मूळ प्रयोजनाकडे येऊ. पोथीत 'उंबर' हा ध्वनी आला तर तेथे झाड समजावे की उंबरठा? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा व्याकरण देते.

झाडाचे नाव अकारान्त 'उंबर' आहे. त्याचे सामान्यरूप 'उंबरा-' होते. उंबरठ्याचे नाव आकारान्त 'उंबरा' आहे. त्याचे सामान्यरूप आज 'उंबऱ्या-' आणि प्राचीन मराठीच्या रीतीने 'उंबरेया-' असे होते, जसे 'दारवठा' याचे 'दारवठेया-'. त्यामुळे 'उंबरावरि' म्हणजे झाडावर आणि 'उंबरेयावरि' म्हणजे उंबरठ्यावर. दोन्ही रूपे केवळ समजुतीसाठी येथे घडवून दिली आहेत. फरक केवळ एका मात्रेचा व एका अक्षराचा आहे. पोथ्यांच्या नकला पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या, त्यांतील पुष्कळ सांकेतिक लिपीतून उतरविल्या गेल्या. अशा परंपरेत एक 'या' गळणे किंवा वाढणे अशक्य नाही. आणि तो गळला की उंबरठ्याचे झाड होते.

असे झाल्यास परिणाम केवळ भाषिक राहत नाही. समजा, एखादे स्थान दारापासून अमुक दिशेस आहे असा निर्देश आहे आणि वाचकाने दाराच्या उंबऱ्याऐवजी उंबराचे झाड मानले. तो अंगणात किंवा आवाराबाहेर झाड शोधील. शतकांपूर्वीचे झाड तेथे नसणारच. मग खूण नष्ट झाली व स्थान हरवले असा निर्णय तो देईल. वस्तुतः ती खूण, म्हणजे दाराखालचा दगड, त्याच्या पायाखालीच असू शकेल. पैठण व वेरूळ येथील सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्याचे प्रसंग लीळाचरित्रात आहेत. अशा ठिकाणी दर्शनास जाणाऱ्याने आणि तेथील स्थानांविषयी लिहिणाऱ्याने ही काळजी विशेष घेतली पाहिजे.

निर्णयासाठी पुढील तीन कसोट्या वापराव्यात. पहिली कसोटी सामान्यरूपाची. ती वर सांगितली. दुसरी कसोटी जोडून येणाऱ्या शब्दांची : 'तळी', 'खाली', 'छाया', 'पार' हे शब्द झाडाकडे नेतात; 'आत', 'बाहेर', 'पाऊल', 'दारवठा', 'पटिसाळ' हे शब्द उंबरठ्याकडे नेतात. तिसरी कसोटी पाठांतराची व प्रत्यक्ष स्थळाची : शक्य असेल तेथे एकाहून अधिक पोथ्यांतील पाठ ताडून पाहावेत. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाल्यापासून अभ्यासकास अशी तुलना करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. पाठ ठरल्यावर स्थळी जाऊन दार, त्याची दिशा व उंबरठा पाहावा.

स्थळी पाहताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. जुन्या वास्तूंत फरशीवर फरशी घालण्याची पद्धत आहे. प्रत्येक जीर्णोद्धारात भूमी थोडी वर येते आणि एकेकाळी गुडघाभर वाटणारा उंबरठा जवळजवळ जमिनीबरोबर होतो. काही ठिकाणी जुना दगड उचलून पायरीत बसविलेला असतो. तेव्हा आज उंबरठा दिसत नाही म्हणून पूर्वी नव्हता असे समजू नये. दोन्ही बाजूंची कीर्तिमुखे, मधला उचललेला भाग, खुंटाचे खळगे यांपैकी एखादी खूण असलेला दगड आवारात कोठे पडला असल्यास तो मूळचा उंबरठा असण्याचा संभव पुष्कळ असतो. असा दगड नव्या बांधकामात फोडून टाकण्याआधी त्याचे माप व चित्र घेऊन ठेवावे.

उपसंहार

आतापर्यंतच्या विवेचनाचे सार असे. 'उंबरा' हा शब्द लोकांच्या बोलीतला आहे आणि त्याचे घर सुताराची कर्मशाळा आहे. पालीत व प्राकृतात तो आधी दिसतो. संस्कृत शिल्पग्रंथांत 'उदुंबर' या रूपाने नंतर येतो. आरंभी तो चौकटीच्या वरच्या व खालच्या दोन्ही आडव्या लाकडांचा वाचक होता, पुढे खालच्यापुरता उरला. त्याचा मूळ अर्थ जोडणारे व पेलणारे काष्ठ असा आहे. मर्यादेचा अर्थ व्यवहाराने दिला आहे. उंबराच्या झाडाशी त्याचे नाते नावाचे आहे, लाकडाचे नाही. पोथी वाचताना हा भेद विसरला तर स्थाननिर्णयात चूक होऊ शकते.

अशा शब्दांचे जाणकार आता थोडे राहिले आहेत. पैठण, संभाजीनगर व आसपासच्या गावांतील लाकडी वाडे एकेक करून उतरत आहेत, आणि चौकटी भंगाराच्या दुकानात जात आहेत. वाड्याबरोबर त्याच्या अंगांची नावेही जातात, कारण ती नावे जुन्या सुतारांच्या व घरातील वृद्धांच्या तोंडीच आहेत. कुसू, खोबण, कपाळपट्टी, तुळई, खण, माळवद या प्रत्येक शब्दाचा असाच स्वतंत्र विचार होऊ शकेल, आणि प्रत्येकाचा उपयोग प्राचीन गद्य समजण्यास होईल. ज्या साधकांस व अभ्यासकांस शक्य असेल त्यांनी आपल्या गावच्या एका तरी जुन्या सुतारास चौकटीपाशी नेऊन तिच्या प्रत्येक अंगाचे नाव विचारावे, ते जसे उच्चारले तसे लिहून घ्यावे, आणि शेजारी वस्तूचे रेखाचित्र काढावे. पोथीतील एखाद्या दुर्बोध ओळीचा उलगडा अशा वहीच्या पानावर होण्याचा संभव आहे, आणि त्यासाठी लागणारा वेळ एका दुपारीपेक्षा अधिक नाही.